नळदुर्गचं पाणी आणि माझी सतरा कारणं

आमच्या शेजारी एक वकील राहतात. यंदाच्या उन्हाळ्यात ते सहकुटुंब म्हैसूरला जाऊन आले आणि आठवडाभर आमच्या ओट्यावर बसून धरणाखालच्या रंगीत कारंज्यांचं वर्णन करत राहिले. शेवटी मला म्हणाले, "तुम्ही तर नळदुर्गच्या बंगल्यावर बारा वर्षं काढलीत. आपल्याकडे असलं काही असतं, तर लोक इतक्या लांब कशाला गेले असते?"

मी म्हणालो, "आपल्याकडे होतं की. लोक येतही होते."

"मग यायचे का थांबले?"

यादी मोठी आहे, असं म्हणून मी विषय संपवला. पण ते घरी गेल्यावर मला चैन पडेना, कारण ती यादी खरोखरच होती आणि माझ्याच हातची होती.

याद्या करणं हा माझा जुना रोग. आमच्या घरातल्या प्रत्येक ट्रंकेच्या झाकणाला आतून त्या ट्रंकेतल्या वस्तूंची यादी चिकटवलेली आहे. माझ्या लग्नात सासऱ्यांनी वऱ्हाडाची यादी हरवली, तेव्हा दुसरी प्रत नवऱ्या मुलाच्या, म्हणजे माझ्याच खिशातून निघाली होती. तर नळदुर्गला पाहुणे का येईनासे झाले, याची सतरा कारणं मी एकदा आमच्या खात्याला लिहून पाठवली होती. सतराही खरी होती. अठरावं मला तेव्हा सुचलं नाही, आणि त्यापायी एका माणसाची चूल उठली. ते आता लिहून ठेवतो.

हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर थोड्याच दिवसांत मी नळदुर्गच्या मुसाफिर बंगल्यावर कारकून म्हणून रुजू झालो. मूळचा मी तुळजापूरचा, वडील शिक्षक. ज्यांनी मुसाफिर बंगला पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून चार खोल्यांची कौलारू इमारत, पुढं रुंद व्हरांडा, मागं स्वयंपाकघर. दौऱ्यावरचे अधिकारी आणि सहलीला आलेले लोक तिथं उतरत. कारकुनानं खोल्या द्यायच्या, चादरी मोजायच्या, कंदिलांच्या काचा पुसून घ्यायच्या, न्हाणीघरात विंचू नाही ना ते पाहायचं आणि जाताना पाहुण्यापुढं शेरेबुक ठेवायचं. बाकी सगळं खानसाम्याकडं.

आमचे खानसामा चाँदचाचा. उंच, वाळके, मेंदी लावलेली दाढी. निजामाच्या काळात कुण्या दारोग्यानं त्यांना तोंडी हुकमावर ठेवून घेतलं होतं, आणि तेव्हापासून ते तिथंच होते. बायको वारलेली, एकुलती मुलगी सोलापुरात दिलेली. स्वयंपाकघराला लागून एक खोली आणि तिच्यापुढची चूल, एवढा त्यांचा संसार. त्यांच्या हातची खट्टी दाल आणि बघारे बैंगन खाऊन हैदराबादचे बडे अधिकारी बोटं चाटत, आणि सोलापूरहून आलेल्या सोवळ्यातल्या मंडळींना ते नवी मडकी आणि कोरं सरपण आणून देत, मग स्वतः लांब उभे राहून विहीर कुठं, राख कुठं ते सांगत. माणूस कसा चहा पितो हे त्यांना एकदा पाहिलं की पाठ व्हायचं. ते मला मुन्शीजी म्हणायचे. मी तेव्हा पंचविशीचाही नव्हतो, पण त्यांनी मला कधी 'तुम्ही' सोडून हाक मारली नाही.

आता लोक येत ते कशासाठी, ते सांगतो. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बादशाही काळातला बांध आहे, आणि त्या बांधाच्या पोटात महाल आहे. तलाव भरला की पाणी बांधावरून दोन ठिकाणी खाली झेपावतं. एका धारेला नर म्हणतात, दुसरीला मादी. काळोखातला जिना उतरून महालात गेलं की कोरीव खिडकीसमोरून पाणी कोसळताना दिसतं, आणि आपण आत कोरडे. कोरडे म्हणजे तसे कोरडे. तुषारांनी भुवया भिजतातच. आवाज इतका की शेजारच्याशी हातानं बोलावं लागतं. चाँदचाचा नव्या पाहुण्याला जिन्यातच डोळे मिटायला सांगत. म्हणत, "पहिलं ऐका, मग बघा. बघितल्यावर ऐकू येत न्हाय."

पण हे पाणी वर्षभर नसतं. पावसाळ्यात तलाव भरला तर सुटतं, नाहीतर नाही. सुटलं तर कधी पंधरवडा टिकतं, कधी चार दिवसांत उतरतं. ते कधी सुटेल हे कुणालाही सांगता येत नसे.

यावर चाँदचाचांची एक रीत होती. पावसाळ्यात रोज सकाळी ते किल्ल्यात जाऊन बांध पाहून येत. पाणी सुटलेलं दिसलं की येताना लिंबाचा, म्हणजे कडुलिंबाचा, एक हिरवागार डहाळा तोडून आणत आणि रस्त्यावर उभे राहत. हैदराबादकडून सोलापूरला जाणारी गाडी आली की ड्रायव्हर बसप्पा ती थांबवी, आणि तो डहाळा गाडीच्या तोंडाला बांधला जाई. बसप्पा अक्कलकोटकडचा, निम्मं कानडी बोलणारा, खोडकर माणूस. गाडीला लिंब बांधून तो ऐटीत सोलापूरच्या स्टँडात शिरला की हमालापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना कळे, नळदुर्गचं पाणी सुटलं. दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागत. गिरणीतले जॉबर, हातमागवाले, सराफ, शाळामास्तर. भाकरीची गाठोडी, चटणीच्या पुड्या, मुलंबाळं. खोल्या चारच, पण व्हरांड्यात सतरंज्या पडत, मागं तीन-तीन चुली पेटत, लिंबाच्या झाडाला ओल्या धोतरांच्या दोऱ्या बांधल्या जात. चाँदचाचा मोठी किटली घेऊन सगळ्यांतून फिरत. मला ते दिवस आठवले की आल्याच्या चहाचा आणि ओल्या कपड्यांचा एकत्र वास येतो.

तेव्हा मात्र मला तो गोंधळ वाटायचा. कोण किती, कुठले, केव्हा जाणार, कशाचा पत्ता नाही. माझं रजिस्टर रिकामं आणि बंगला भरलेला.

अशाच एका रविवारी आमचे एक वरिष्ठ न कळवता सहकुटुंब आले. एकही खोली रिकामी नव्हती. व्हरांड्यात एक म्हातारबुवा घोरत होते आणि साहेबांच्या बाईंच्या अंगावर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या झंपरचं पाणी गळलं. साहेब उभ्या उभ्या परत गेले. जाताना शेरेबुकात एवढंच लिहिलं: "व्यवस्थेचा पूर्ण अभाव."

मला ते फार लागलं. ट्रंकांच्या झाकणांवर याद्या लावणाऱ्या माणसाला असा शेरा! त्याच आठवड्यात बसून मी चौदा नियमांचा मसुदा तयार केला. त्यातला चौथा असा: मुक्कामासाठी किमान पंधरा दिवस अगोदर मुख्य कचेरीकडं दोन प्रतींत अर्ज करावा, आणि मंजुरीचा कागद दाखवल्याखेरीज आवारात प्रवेश नाही. नववा असा: बंगल्याविषयी कोणतीही अनधिकृत जाहिरात वाहनांवर वा अन्यत्र करू नये. मसुदा धाराशिवला गेला. कागदावर तेव्हा उस्मानाबाद लिहायचो, पण बोलताना सगळे धाराशिवच म्हणायचे. तो मंजूर होऊन आला, वर शाबासकीचं वाक्य. मी पाटी रंगवून घेतली.

चाँदचाचांना मराठी वाचता येत नसे. ते तांदूळ निवडत बसले होते, तिथं जाऊन मी चौदाही नियम वाचून दाखवले. चौथ्याला त्यांचा हात थांबला.

"मुन्शीजी, पानी सुटल्यावर पंधरा दिवस राहतंय का?"

"कधी राहतं, कधी नाही."

"मग अर्ज कवा करायचा? पानी यायच्या आधी?"

"आधी. अंदाजानं."

ते पुन्हा तांदूळ निवडू लागले. थोड्या वेळानं, मान वर न करता म्हणाले, "पानी अर्ज वाचून येत नसतंय, मुन्शीजी."

मला ते खानसाम्याचं बोलणं वाटलं.

त्या पावसाळ्यात पाणी सुटलं तेव्हा बंगल्याच्या चारही खोल्या रिकाम्या होत्या आणि फाटकापाशी सोलापूरची दोन कुटुंबं उभी होती. त्यांना पाणी सुटल्याचं एका ट्रकवाल्याकडून कळलं होतं. मंजुरीचा कागद त्यांच्याकडं नव्हता. मी अदबीनं त्यांना नियम क्रमांक चार दाखवला. त्यांनी रस्त्याकडेला बसून भाकरी खाल्ली आणि ते परत गेले. पंधरा दिवसांनी मंजुरी घेतलेले लोक आले, तेव्हा बांध वाळलेला होता. त्यांनी शेरेबुकात काय लिहिलं ते इथं देत नाही.

कागद घेऊन आलेल्या त्या लोकांत कमलबाई होत्या. सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवायच्या. दर वर्षी सासूबाईंना घेऊन येत. सासूबाईंची दृष्टी जवळपास गेलेली, पण पाण्याची ओढ भारी. चाँदचाचा त्यांना अम्मा म्हणत आणि हाताला धरून जिना उतरवत. म्हातारी खिडकीतून हात बाहेर काढायची, ओला तळवा तोंडावरून फिरवायची, आणि सुनेला सांगायची, "दिसतं बाई मला एवढं." त्या वर्षीही तिनं हात बाहेर काढला. कोरडाच आत घेतला.

"आज बोलत नाही वाटतं," म्हणाली.

"थकलंय अम्मा आज," चाँदचाचा म्हणाले. "पुढल्या साली बोलंल."

पुढल्या साली कमलबाईंनी अर्ज लवकर केला. मंजुरीच्या तारखेला त्या दोघी आल्या तेव्हा तलाव अर्धाही भरलेला नव्हता, आणि त्या गेल्यावर आठ दिवसांनी पाणी सुटलं. त्या आठवड्यात बंगल्यावर फक्त आम्ही दोघं होतो. चाँदचाचांनी किटली घासून उपडी ठेवली होती.

तिसऱ्या वर्षी खात्याचं पत्र आलं. बंगल्यावरची वर्दळ का घटली याची कारणं द्यावीत. दिवाळीपर्यंत सुधारणा न दिसल्यास इमारत रस्त्याच्या सामानाचं गोदाम म्हणून वापरली जाईल. मी कायम नोकर, माझी बदली झाली असती. चाँदचाचांचा कुठं कागदच नव्हता. तोंडी हुकमावर आलेला माणूस तोंडीच जाणार होता. त्यांना मी हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "गोदामाला खानसामा लागत नसंल, न्हाय का?"

मी ठरवलं, असा अहवाल लिहायचा की खात्यानं वाचत राहावं. चार दिवस लागून मी सतरा कारणं काढली. महाबळेश्वरला हवा थंड आहे, आपल्याकडे सोलापूरचं ऊन. माथेरानला छोटी आगगाडी आहे, घोडे आहेत, आपल्याकडे घोडे नाहीत. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी पिकते, आपल्याकडे बोरं. राज्यांच्या हद्दी बदलल्यामुळे हैदराबादचे जुने पाहुणे परराज्यात गेले. वेरूळ-अजिंठ्याची माहितीपत्रकं आहेत, नळदुर्गची नाहीत. अकरावं कारण होतं, सापांविषयी गैरसमज. प्रत्येक कारणापुढं उपाय. खानसाम्याची सेवा पाहता त्याला कायम करावं, ही शिफारस शेवटी. अहवाल पोस्टात टाकून आलो, आणि दुपारी चाँदचाचांना नक्कल वाचून दाखवली.

सगळं शांतपणे ऐकून ते म्हणाले, "सतराच?"

"अजून आहे का काही?"

"न्हाय. तुमी लिवलंय ते बराबर हाय." आणि उठून गेले.

दोन दिवसांनी कमलबाईंचं पत्र आलं. त्या वर्षीचा त्यांचा अर्ज आधीच येऊन पडला होता. पत्रात चारच ओळी होत्या. "आईंना आता जिना उतरवत नाही. तेव्हा आमचा अर्ज मागे घेत आहे. आपला खोळंबा नको. नियमाप्रमाणे दोन प्रती जोडल्या आहेत."

खरंच दोन प्रती होत्या. दोन्ही हातानं लिहिलेल्या, शाळेतल्या वळणदार अक्षरात. मी दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मग अहवालाची नक्कल काढून सतरा कारणं पुन्हा वाचली. हवा होती, घोडे होते, साप होते. मी रंगवून घेतलेली पाटी कुठंच नव्हती.

स्वयंपाकघरात जाऊन मी म्हणालो, "चाचा, यंदा पाणी सुटलं की डहाळा बांधायचा."

"आन् नववा नियम?"

"माझ्यावर."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "मला वाटलंच हुतं, तुमाला कवातरी कळंल," एवढंच म्हणाले. तीन वर्षं ते हे मनात ठेवून माझ्यासाठी चहा करत होते.

भाद्रपदात, एका गुरुवारी, पाणी सुटलं. डहाळा मी स्वतः तोडला. पाटी उतरवून भिंतीकडं तोंड करून ठेवली. गाडी आली. बसप्पा तोच होता, मिशा तेवढ्या पांढऱ्या झाल्या होत्या. माझ्या हातातला लिंब बघून त्यानं इंजिन बंद केलं आणि मागच्या उतारूंना ऐकू जाईल असं म्हणाला, "चाचा, हे मुन्शीच हाईत का त्यांचा जुळा भाऊ?"

"बांध रे," चाँदचाचा म्हणाले.

"बांधतो की." खाली उतरून गाठ मारता मारता तो मला हळूच म्हणाला, "पण साहेब, बघणारं कोण राहिलंय आता? स्टँडावर नवी माणसं आली. लगीन लागलंय का गाडीचं म्हणतील."

शनिवारी आम्ही सतरंज्या वाळवल्या, मागं तीन चुली मांडून ठेवल्या. चाँदचाचांनी चाळीस कप धुऊन व्हरांड्यात पालथे घातले. रविवारी सकाळपासून मी रस्त्यावर. पहिली गाडी थांबली नाही. दहाच्या गाडीतून एकच बाई उतरल्या. कमलबाई.

चाँदचाचा त्यांच्या मागं बघत राहिले. "अम्मा?"

"घरी आहेत. म्हणाल्या, तू जा, ऐकून ये, आणि मला सांग."

मी विचारलं, "बाई, तुम्हाला कळलं कसं?"

"डहाळा पाहिला की. शाळेत जाताना स्टँडावरून जाते मी. या तीन वर्षांत पावसाळ्यात एक दिवस असा गेला नाही, की नळदुर्गच्या गाडीचं तोंड बघितलं नाही." मग म्हणाल्या, "मला वाटलं, इथलं पाणीच आटलं."

नियम माझा होता, हे त्यांना मी त्या दिवशी सांगितलं. त्या शिक्षिका होत्या, मला वाटलं दोन शब्द ऐकवतील. त्या म्हणाल्या, "शाळेत आम्हीही असेच नियम करतो," आणि जिन्याकडं निघाल्या.

खिडकीपाशी त्या खूप वेळ उभ्या राहिल्या. निघताना त्यांनी पदर तुषारांत धरला, चांगला भिजवला आणि पिळला नाही. मी म्हणालो, घरी पोचेपर्यंत वाळून जाईल. "वाळू द्या," म्हणाल्या. "वास राहतो."

चाळीसांतले तीन कप वापरले गेले. सदतीस चाँदचाचांनी पुन्हा धुतले, न वापरलेले.

पुढं आठवडाभरात तुरळक माणसं आली. कमलबाईंच्या शाळेतल्या दोघी, एक सराफाचं कुटुंब, बसप्पाचा मेहुणा. हळूहळू पुन्हा जमलं असतं, असं मला आजही वाटतं. पण तोवर पाणी उतरलं, आणि दिवाळीआधी हुकूम आला. माझ्या अहवालाची सतराही कारणं त्यात जशीच्या तशी उद्धृत केली होती. इतकी कारणं असताना बंगला चालवणं व्यवहार्य नाही, असा निष्कर्ष काढला होता. अहवाल नीटनेटका असल्याबद्दल मला पुन्हा शाबासकी होती. खानसाम्याच्या शिफारशीबद्दल एक अक्षर नव्हतं. नियमाची खरी हकिगत मी नंतर वेगळ्या पत्रानं कळवली. तिची पोच आली.

मार्गशीर्षात चाँदचाचा मुलीकडं सोलापूरला निघाले. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी, अंथरुणाची वळकटी आणि ती मोठी किटली. किटली सरकारी होती. चादरी-भांड्यांच्या यादीत मी तिच्यापुढं "गहाळ" लिहिलं. माझ्या नोकरीतली ती एकमेव खोटी नोंद.

बसप्पाची गाडी आली. पेटी टपावर चढली. मला काय वाटलं कोण जाणे, मी आवारात पळत गेलो, लिंबाचा एक चांगला मोठा डहाळा तोडला आणि गाडीच्या तोंडाला बांधला. इतकी वर्षं त्यांनी बांधला, जाताना त्यांच्यासाठी कुणीतरी बांधावा, असं मनात आलं. बसप्पा टोपी काढून उभा राहिला.

चाँदचाचा आत बसले होते. त्यांनी खिडकीतून वाकून पाहिलं आणि गाडीतून खाली उतरले. मला वाटलं, निरोप घ्यायला उतरले. ते सरळ पुढं गेले आणि माझी गाठ सोडू लागले. गाठ मी पक्की मारली होती, त्यांना वेळ लागला.

"चाचा, राहू द्या ना आजच्या दिवस," मी म्हणालो.

"पानी कुठं हाय, मुन्शीजी? बांध तर सुका हाय." गाठ सुटली. "सोलापुरात एक तरी बाई ह्याच्यावर भरोसा ठिऊन बसलीय. उगा येईल बिचारी."

डहाळा त्यांनी माझ्या हातात दिला, गाडीत जाऊन बसले, आणि किटली मांडीवर घेतली.